चौथ्या पेल्याचा वास

१

चौथ्या पेल्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता.

ओला कुत्रा, आणि वर थोडे जळके केस. मी रंगवून सांगत नाहीये. वास घेणं हा माझा चाळीस वर्षांचा पेशा. करखात्याच्या साके-परीक्षण विभागात मी सरकारी नाक म्हणून लागले आणि सरकारी नाक म्हणूनच निवृत्त झाले. या नाकापायी कांदा सोडला, अत्तर सोडलं, आणि सिगारेट ओढणारा एक बरा माणूसही सोडला. खात्यात आम्ही साकेला, म्हणजे तांदळाच्या दारूला, एक ते पाच आकडे द्यायचो. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे ओतून द्या. ती खोड अशी लागली की मी माणसांनाही आकडे देत सुटते.

निरासावांच्या साकेघरातून दर फेब्रुवारीअखेर मला बोलावणं येतं. वसंतातल्या स्पर्धेला काय पाठवायचं, ते चाखून सांगायचं. यंदाही लांब टेबलावर पांढरं कापड होतं आणि त्यावर पाच पांढरे पेले. प्रत्येकाच्या तळाशी दोन निळ्या कड्या. साके जराशी जरी पिवळट असली तरी त्या कड्यांमधल्या पांढऱ्यावर चुगली होतेच. पहिल्या पेल्यात चिमूटभर मद्यार्क घालून हलकी केलेली रोजची साके. दुसऱ्यात नुसत्या तांदूळ-पाण्याची, अंगाने भरलेली. तिसऱ्यात जुन्या रीतीने, सावकाश आंबू दिलेली, जिभेच्या कडांना चिमटे काढणारी. पाचव्यात आठ वर्षं मुरलेली, मधाच्या रंगाची. आणि चौथ्यात घराण्याची अब्रू, म्हणजे थेंबसाके. आंबवण, म्हणजे आंबलेला तांदूळ, फडक्याच्या पिशव्यांत भरून टांगायचं. दाबायचं नाही, पिळायचं नाही. आपणहून टपकेल तेवढंच घ्यायचं. यंदा बारा बाटल्या टपकल्या होत्या.

तोंडं कुठल्या क्रमाने वाकडी झाली ते मी टिपून ठेवलं. सगळ्यात आधी होसोया, इथला दुय्यम कारागीर. मग तरुण मालक कोहेई निरासावा. शेवटी मुगिकुरा, शहरातले घाऊक व्यापारी. त्यांनी आधी "वा!" म्हटलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, मग नाक मुरडलं. मुगिकुरांचं नाक नेहमी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. आकडा चार.

राहिले कुसाकाबे इवाओ. इथले तोजी, म्हणजे मुख्य कारागीर. वय बहात्तर. डोंगरापलीकडच्या गावाहून ऑक्टोबरात यायचं, साके करायची, एप्रिलात परत जायचं, असे सदतीस हिवाळे. त्यांनी पेला उचलला, सुर्रकन घोट ओढून जिभेवर फिरवला, भांड्यात थुंकला.

"छान. यंदाची स्वच्छ उतरलीय."



"तोजी," कोहेई म्हणाला, "पुन्हा एकदा घेता का?"

त्यांनी घेतला. "सांगितलं ना, स्वच्छ आहे. चेहरे कसले पाडताय? कुणी गेलंय का?"

कोहेई शीतखोलीकडे धावला आणि थेंबसाकेची दुसरी बाटली घेऊन आला. नव्या पेल्यात ओतली. मी नाक खाली नेलं आणि क्षणभर भाड्याच्या खोलीतली माझी रोजची एकटीची संध्याकाळ विसरले. इतकी ती सुंदर होती.

होसोया तेवढ्यात आत जाऊन मोजून आला. "आत दहा. तुमच्या हातातली अकरावी. टेबलावरची बारावी. कमी नाही, जास्त नाही."

"म्हणजे कुणीतरी एक बाटली रिकामी करून तिच्यात घाण भरली," कोहेई म्हणाला. "किल्ल्या तीन. माझी, होसोयाची, तोजींची. आणि तोजी एक तर ते झाकतायत, नाहीतर त्यांची जीभ गेलीय."

तोजींनी मान खाली घातली. "साके माझी आहे. वाईट असेल तर मी वाईट."

"ओरिकासाबाई," कोहेई माझ्याकडे वळला, "तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुम्हालाच सांगतो. साडेचारच्या बसच्या आत मला नाव हवंय. नाव नाही मिळालं, तर त्या बसने तोजींचं सामान जाईल. पुन्हा न येण्यासाठी."

घड्याळात पावणेबारा वाजले होते.

२

होसोया अंगणात थेंबसाकेच्या पिशव्या धूत होता. बर्फाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत लाल.

"मला विचारायला आलात ना? विचारा," तो म्हणाला. "तोजी गेले की मी तोजी. सरळ हिशोब आहे. मीच मला पकडलं असतं."

"मग पहिलं तोंड तूच का वाकडं केलंस? बाटली तू बिघडवली असतीस, तर दुसऱ्या कुणीतरी ओरडेपर्यंत थांबला असतास."

तो हसला. "नाक आहे हो मला. बाकी काही नाही. चांगलं-वाईट कळतं, वाईटाचं चांगलं कसं करायचं ते फक्त म्हाताऱ्याला येतं. यंदा तर रात्रंदिवस आंबवणाच्या हौदाला कान लावून बसायचे. बुडबुडे ऐकत. मी म्हटलं, काय तोजी, बायकोचा फोन यायचा राहिला म्हणून हौदाशी बोलताय का?" त्याचं हसू ओसरलं. "नको होतं बोलायला."

"कसला फोन?"

"तुम्हाला माहीत नाही? साकेघरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. दर बुधवारी तोजी हौदांतून काढून लहान लहान बाटल्या भरायचे आणि बसवाल्याच्या हाती गावी पाठवायचे. बायकोला. गुरुवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन. दोन मिनिटं. घड्याळ लावून दोन! आम्ही म्हणायचो, तोजी, दोन मिनिटांत काय प्रेम होतं हो? ते म्हणायचे, तुम्हाला तेवढंही जमत नाही." त्याने पिशवी पिळली. "तोमिएकाकू ऑक्टोबरात गेल्या. दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी तोजी इथे हजर. मालक म्हणाले, यंदा राहू द्या. हे म्हणाले, घरी काय करू?"

मुगिकुरा ऑफिसात पाय शेकत बसले होते.

"बाई, सरळ गोष्ट आहे. म्हातारा संपला. मी कोहेईसानना दोन वर्षं सांगतोय, माझ्या माहितीत एक शिकलेला मुलगा आहे, यंत्रावर काम करतो."

"तुमच्याकडे शीतखोलीची किल्ली नव्हती."

"मला किल्ली कशाला? मी काल रात्री आलो, खानावळीत उतरलो, सकाळी थेट टेबलापाशी. आणि बाटली मांडली कुणी? तोजींनी स्वतः. त्यांच्या खोलीकडून आले, बाटली अंगरख्यात धरून, पोर धरावं तशी."

"खोलीकडून? शीतखोलीकडून नाही?"

"मला काय ठाऊक कुठली खोली कुठे ते. जिन्यावरून उतरले."

शीतखोली तळघरात आहे. तिथून यायला जिना चढावा लागतो.

३

तोजींची खोली वरच्या मजल्यावर, दक्षिणेला. दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. खोलीत कुजक्या पाण्याची दुर्गंधी कोंडली होती. कोपऱ्यातल्या कपाटावर एका बाईचा फोटो, त्यापुढे फुलदाणीत शेवंती. वरून अजून धड, पण देठ पार काळे पडून पाण्यात विरघळलेले. तोजी त्या फुलदाणीपासून हातभर अंतरावर बसून शांतपणे चहा करत होते.

"बसा. चहा घ्या. हिच्या हातचा नाही, पण गरम आहे."

मी तोंडाने श्वास घेत बसले. सामान बांधायला काढलेलं होतं. सदतीस हिवाळ्यांचं सामान, आणि एका पिशवीत मावेल एवढं.

फोटो खिडकीला लागून होता. बाहेर छपरावर कमरेएवढं बर्फ, त्यावर ऊन. डोळे दिपवणारा उजेड आत येत होता. खिडकीच्या फळीवर धूळ होती आणि धुळीत एक स्वच्छ गोल. बाटलीच्या बुडाएवढा.

"तोजी, तुम्ही काही सांगत का नाही?"

"काय सांगू?"

"तो पेला वाईट होता हे तुम्हाला पटतंय का?"

त्यांनी चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. "चौघं म्हणतात वाईट, तर वाईटच असेल. मला छान लागला. खोटं कशाला बोलू?"

"गावी कोण आहे?"

"घर आहे." त्यांनी किटली खाली ठेवली. "एप्रिलपर्यंत तिकडे बर्फ असतं. दार उघडायलाही दुसरा माणूस लागतो, आतून एकाने ढकलायचं, बाहेरून एकाने ओढायचं. इथे निदान हौद बोलतात."

मी त्यांना आकडा देऊन पाहिला. देता येईना.

४

तीन वाजता मी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. जिभेची परीक्षा घ्यायची जुनी सरकारी रीत आहे. एका टेबलावर पाच पेले, नंबर घातलेले. पलीकडच्या टेबलावर त्याच पाच साके, उलटसुलट मांडून, खुणा वेगळ्या. पहिल्या पाच चाखायच्या, मग दुसऱ्या पाच, आणि जोड्या लावायच्या. भल्याभल्यांची दोन तरी चुकतात. पाचवीचा रंग ओळखू येऊ नये म्हणून मी सगळ्या साके तपकिरी काचेच्या पेल्यांत ओतल्या, आणि थेंबसाके दोन्हीकडे चांगल्या बाटलीतली घेतली.

मुगिकुरा म्हणाले, "मीही करून पाहू का?"

"तुम्ही सगळ्यांच्या शेवटी," मी म्हटलं. "म्हणजे सोयीचं जाईल."

होसोया खोकला दाबत दुसरीकडे वळला.

तोजी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. घोट, फिरवणं, थुंकणं. पेला नाकाखाली थांबवणं नाही, डोळे मिटणं नाही. सरळ जिभेवर. दुसरं टेबल संपवून त्यांनी कागदावर पाच जोड्या लिहिल्या.

पाचही बरोबर.

कोहेईने कागद दोनदा तपासला. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल.

"म्हणजे जीभ शाबूत आहे," तो हळू म्हणाला. "मग सकाळी त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. आणि मला तोंडावर खोटं सांगितलं." तो तोजींकडे वळला. "माझ्या वडिलांनी मरताना तुमचा हात धरला होता हो. माझा नाही. तुमचा."



"अजून एक परीक्षा राहिलीय," मी म्हटलं. "दोनच पेले."

५

एका पेल्यात थेंबसाकेची चांगली बाटली, दुसऱ्यात सकाळची, ओल्या कुत्र्याची. दोन्ही एकाच थंडाव्यावर आणल्या. पेले ठेवताक्षणी होसोयाने नाक बाजूला केलं. कोहेईनेही. मुगिकुरांनी, दोघांकडे पाहून.

तोजींनी पहिला घेतला. दुसरा घेतला. पुन्हा पहिला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ती फसवल्या गेलेल्या माणसाची होती.

"बाई, थट्टा करताय का म्हाताऱ्याची? दोन्ही एकच आहेत."

मुगिकुरा मोठ्याने हसले. "झालं! ऐकलंत ना कोहेईसान?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आणि ते बरोबर बोलतायत. होसोया, मापं काढ."

होसोयाने दोन्ही साकेंची घनता मोजली, मद्यार्क मोजला, थेंब थेंब टाकून आंबटपणा मोजला. आकडे वाचून तो माझ्याकडे बघत राहिला. "सारखेच. दशांशापर्यंत सारखेच."

"बाटली कुणी बदलली नाही," मी म्हणाले. "घाण भरली नाही. म्हणून तर बाराच्या बारा जुळल्या. आपण चौघं नाकाने ठरवून बसलो की ही वेगळी साके आहे. इथे एकालाच कळलं की ती तीच आहे, कारण त्याच्यात आणि साकेत नाक आडवं आलं नाही. गोड, आंबट, कडू, तिखट, जाड, पातळ, हे जिभेचं राज्य. पाच तऱ्हेच्या साके एकमेकींपासून जिभेवरही लांब असतात, म्हणून पाच जोड्या जुळल्या. हे दोन पेले फक्त वासाने वेगळे आहेत."

"पण वास आला कुठून?" कोहेईने विचारलं.

"उजेडातून. बिनरंगी काचेच्या बाटलीतली साके उन्हात ठेवली की तिला हाच वास धरतो, आणि किंचित पिवळी पडते. सकाळच्या पेल्यातल्या कड्या पाहा. शीतखोलीला खिडकी नाही. म्हणजे ही बाटली कुठेतरी बरेच दिवस..." आणि इथे मी थांबले.

पुढचं वाक्य मला येत होतं. ते बोललं की माझं कोडं सुटलं आणि एका माणसाचा हिवाळा संपला. वास न येणारा तोजी म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. चाळीस वर्षांत मी शेकडो साकेंना पाच आकडा दिला, पण तेव्हा त्या बनवणारा माणूस कधी समोर बसलेला नसायचा.

"दहा दिवस," तोजीच म्हणाले. "माझ्या खिडकीत."

ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अकरा वर्षांपूर्वी ताप आला होता. उतरला, तो नाक घेऊन. गंधच नाही. भाताचा नाही, धुराचा नाही. मोठ्या मालकांना सांगायला निघालो होतो. तोमिए म्हणाली, थांबा. तुम्हाला बनवता येतं, मला हुंगता येतं. दोघं मिळून एक तोजी होतो की नाही? मग बुधवारी बाटल्या, गुरुवारी फोन. तीन नंबरला पिकल्या केळ्याचा वास आलाय, थंड करा. पाचला काही नाही, राहू द्या. दोन मिनिटं पुरायची. प्रेमाचं कधी बोललोच नाही."

होसोयाने चेहरा फिरवला. त्याचे हात अजून लालच होते.

"यंदा ती नाही," तोजी म्हणाले. "जीभ, हात आणि कान, एवढ्यावर केली. थेंबसाके उतरली, पण तिला दाखवल्याशिवाय मी कधी कुठली बाटली टेबलावर ठेवली नाही. मग तिच्यापुढेच ठेवली. देवापुढचा नैवेद्य ठेवतात तशी. दहा दिवस वाट पाहिली. नैवेद्य उतरवतात तशी आज उतरवली आणि तुमच्यापुढे आणली." ते फोटोशी बोलावं तसं पुटपुटले, "तिने नाही म्हटलं नाही."

मग मुगिकुरांना राहवलं नाही. "पण हे बाहेर कळलं तर? नाक नसलेला तोजी! लोक हसतील."

"सकाळी तुम्ही त्या पेल्याला 'वा' म्हणालात," मी म्हटलं. "मी टिपून ठेवलंय. तेही बाहेर कळू द्यायचं का?"

मुगिकुरांना एकदम पाय शेकायची आठवण झाली.

कोहेई रागाने लाल झाला होता, किंवा रडू आवरत होता. त्या घराण्यात दोन्हीला एकच चेहरा आहे. "अकरा वर्षं," तो म्हणाला. "वडिलांना नाही सांगितलं. मला नाही सांगितलं. मी काय, खाऊन टाकलं असतं तुम्हाला?"

"घालवलं असतं," तोजी म्हणाले. "मी मालक असतो तर घालवलं असतं."

कोहेई माझ्याकडे वळला. "ओरिकासाबाई, चांगल्या बाटलीला आकडा?"

"एक," मी म्हणाले. "गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्यांहून चांगली. त्यातल्या ज्या चार साकेंना सुवर्णपदक मिळालं, त्या मीच निवडून दिल्या होत्या, तेव्हा माझं ऐका."

"कुठल्याही नाकाशिवाय केलेली."

"कुठल्याही नाकाशिवाय."

कोहेई टेबलाच्या कडेवर बोटं आपटत राहिला. मग होसोयाला म्हणाला, "तुझं नाक त्यांना देशील?"

"घ्या," होसोया म्हणाला. "पण मला वास आला तरी सांगता येत नाही हो. काकू कशा सांगायच्या कोण जाणे. मी 'चांगलाय' म्हणेन, नाहीतर 'वाईट आहे' म्हणेन. त्यावर तोजींनी काय करायचं?"

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे कोहेईला दिसत होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी.

तोजींनी चांगल्या बाटलीतला पेला दोन्ही हातांत उचलून माझ्यापुढे धरला.

"बाई, मी जाण्याआधी एक विचारू? ही कशी आहे? तिने पाहिली नाही, मला दिसत नाही. बनवली मी, पण मला माहीतच नाही काय बनवलंय."

मी नाक खाली नेलं. "पक्व खरबूज. थोडं पांढरं फूल. सफरचंदाच्या सालीचा हलका..."

"हे छापील झालं," ते म्हणाले. "खरबूज मी अकरा वर्षांत पाहिलं फक्त."

चाळीस वर्षांचा माझा शब्दसाठा तेवढ्यात संपला. मी पुन्हा वास घेतला. कोहेई वाट पाहत होता, होसोया वाट पाहत होता. मी पेला खाली ठेवला आणि त्या साकेचा विचार करायचा सोडून दिला.

"हिवाळ्यात पहाटे आपण अंथरुणात असतो," मी म्हणाले. "अजून अंधार आहे. आणि आपल्या आधी उठून कुणीतरी स्वयंपाकघरात भात ठेवलाय. भांड्याचा आवाज नाही, माणूस दिसत नाही. नुसता वास येतो, आणि कळतं की घरात कुणीतरी आहे."

माझ्या घरी तसं होऊन तीस वर्षं झालीत. ते मी म्हटलं नाही.

तोजी माझ्याकडे एकटक बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण विचारलं ते कामाचंच.

"भात निवलाय का? की झाकण अजून हलतंय?"

मी पुन्हा हुंगलं. खूप वेळ. "हलतंय. नुकतंच हलायला लागलंय."

"तिखट वाफ येतेय की गोड?"

"गोड. पण खाली थोडी तिखट आहे."

त्यांनी मान हलवली, टोपी डोक्यावर घातली आणि होसोयाकडे वळले. "सहा नंबरचा हौद त्याच तांदळाचा आहे. उद्या गाळायचा नाही. बाजूंनी बर्फ लाव आणि अजून एक दिवस झोपू दे त्याला."

होसोयाने कोहेईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" कोहेई त्याच्यावर खेकसला. "तोजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही का?"

होसोया फावडं घ्यायला धावला.